उकडीच्या मोदकांचं संगणकीकरण

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या समस्त नागरिकांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, मागे एका गणेश चतुर्थीला डोंबिवली पूर्वेत उकडीच्या मोदकांच्या सव्वादोनशे ऑर्डरी हवेत विरल्या होत्या, त्या प्रकरणातला खरा आरोपी सापडला आहे. तो वयाने पन्नाशीचा, अंगाने भरलेला, बोलण्यात पटाईत आणि व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आहे. तूर्त तो हेच निवेदन लिहितो आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. त्याला आता नात्यात कोणीही काहीही बनवायला सांगत नाही.

आता आरोपीची बाजू.

आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, गेली वीस वर्षं घरगुती मोदक करून देतात. सुरुवात स्वयंपाकघरातल्या ओट्यावर झाली, आता इमारतीच्या तळमजल्यावर छोटा गाळा आहे. चार बायका कामाला. एरवी पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ वगैरे चालू असतं. पण चतुर्थीचे मोदक हा त्यांच्या मानाचा विषय. कोणाला अकरा हवेत, कोणाला एकवीस, कोणाला एक्कावन्न. कोणाकडे नैवेद्य साडेदहाला, कोणाकडे एकला. एका घरी जायफळ चालत नाही, एका घरी सारणात गुळाऐवजी साखर. हे सगळं वहिनी एका दोनशे पानी वहीत लिहायच्या, आणि वीस वर्षांत एकही घर नैवेद्याची वाट बघत बसलं नव्हतं. तोंडाने त्या हे कधी सांगायच्या नाहीत. पण कोणी सांगितलं तर थांबवायच्याही नाहीत.

अशा सुरळीत चाललेल्या धंद्याला सुधारायला मी गेलो.

त्यामागे एक कारण होतं आणि ते प्रेमाचं नव्हतं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत जावामध्ये प्रोग्राम लिहितो. जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा. बँका, विमा, तिकिटं, असली थोराड कामं तिच्यात चालतात. मी या धंद्यात आलो तेव्हा साधा एक प्रोग्राम उभा करायचा तर आधी पानंच्या पानं नुसत्या सूचना लिहाव्या लागायच्या. माहिती कुठे ठेवायची, कोणी कोणाशी बोलायचं, दार कुठलं, किल्ली कुठली. खऱ्या कामापेक्षा ही कारकुनीच जास्त. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की दिवस गेला. माझे अर्धे केस त्या फायलींत गेलेत.

आणि मग आलं ऑटो-कॉन्फिगरेशन. म्हणजे काय, तर लग्नाला केटरर ठरवतो तसं. आपण फक्त म्हणायचं, दीडशे पानं. पंक्तीच्या पट्ट्यांपासून बडीशेपेपर्यंतचं तो बघून घेतो. तुम्ही फक्त हवा तो तयार भाग प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये आणून टाकायचा; प्रोग्राम तो हुंगतो, ‘अच्छा, हे आलंय होय’ म्हणतो आणि बाकीची मांडामांड स्वतःच्या अंदाजाने करून टाकतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. कँटीनवाला बघायला आला होता, काय झालं म्हणून.

त्यातच मला सापडलं मेमरी ग्रिड. एरवी माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे डिस्कवर जाऊन बसते. इथे ती यंत्रांच्या मेमरीतच राहते, म्हणून झटपट मिळते. आणि ती एका यंत्रात नसते. शेजारची तीन बिऱ्हाडं एकमेकांकडे किल्ल्या ठेवतात ना, तशी तीन यंत्रं एकमेकांच्या माहितीची प्रत सांभाळतात. एक बिऱ्हाड गावाला गेलं तरी किल्ली शेजारी आहेच. बरं, ही यंत्रं एकमेकांना शोधतातही स्वतःच. एका जाळ्यावर जोडा, की एकमेकांना हाका मारतात आणि गट करून बसतात.

हे सगळं मी ऑफिसात तरुण मंडळींना हातवारे करून सांगायचो. मग पैज लावल्यासारखं जाहीर केलं, की सूचनांची एकही ओळ न लिहिता मी अख्खी ऑर्डर-व्यवस्था उभी करून दाखवतो. शून्य ओळी! एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं, “सर, पण डेटाबेस? डिस्कवर काहीच लिहून ठेवायचं नाही?” मी म्हटलं, “बाळा, तो जुना जमाना.” ग्रिडला डिस्कवर प्रत ठेवायला सांगता येतं. चार ओळी लिहाव्या लागतात. पण चार म्हणजे शून्य नव्हे.

पैज जिंकायला कोणीतरी गिऱ्हाईक हवं होतं. वहिनींना नाही म्हणता येत नाही, हे मला शाळेपासून माहीत होतं.

गाळ्यात मी चपात्यांच्या डब्याएवढी तीन यंत्रं आणली, फळीवर ओळीने मांडली आणि तिन्हींच्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खुपसल्या. तिथे तेवढीच जागा होती; दुसऱ्या बोर्डावर ग्राइंडर होता. तीन यंत्रं, एक वायर. हे दृश्य मी स्वतः उभं केलं, दोन पावलं मागे सरकून न्याहाळलं आणि त्याचा फोटोही काढला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मोबाइलवरच्या लिंकवरून लोकांनी ऑर्डर टाकायची, गाळ्यातल्या पडद्यावर यादी दिसायची. फोनवर आलेल्या ऑर्डरी टिटवाळ्याहून कामाला येणाऱ्या मावशी टाइप करायच्या. या मावशी पाऱ्या वळण्यात एक नंबर आणि जिभेने त्याहून वर.

“साहेब, तुमची ही तीन पोरं करतात काय दिवसभर?”

“मावशी, ती एकमेकांची काळजी घेतात.”

“आमच्यात घेत नाही कोण. शिकवा आमच्या पोरांना पण.”

मी एक यंत्र बंद करून दाखवलं. यादी जशीच्या तशी! मावशींनी भुवया उडवल्या. वहिनी हात पुसत म्हणाल्या, “छान आहे हो भाऊजी. पण मी वहीतही लिहीत जाईन, असू दे.”

इथे मी नाटक केलं. वही उचलली, दोन्ही हातांवर धरली, तिला नमस्कार केला आणि “आपण निवृत्त झालात” असं म्हणून माझ्या बॅगेत टाकली. बायका हसल्या. वहिनीही हसल्या. त्यांनी पुन्हा वही मागितली नाही.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी, दुपारी, ऑर्डरी घेणं बंद झालं. आता वहिनींकडची रीत अशी, की नैवेद्याचं काम सुरू करण्याआधी गाळा वरपासून खालपर्यंत धुवायचा. भिंती, ओटे, फळ्या, फरशी, सगळं बादल्यांनी. पाणी एवढं होतं की आधी मेन स्विच बंद करावा लागतो. फक्त फ्रिजची लाइन वेगळी आहे. गाळा घेतल्यापासून हे असंच चालतं. मला ते माहीत होतं. लहानपणी आमच्या घरीही आई असंच करायची.

वहिनींनी मला फोन केला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. समोर सहा-सात जण, आणि विषय काय, तर माझी शून्य ओळींची मोदक-व्यवस्था. फोन आला तेव्हा मला वाटलं, वा! काय वेळ साधलीय.

“भाऊजी, धुवायला काढतोय. मेन बंद करू ना? तुमच्या मशीनचं काही—”

“करा हो वहिनी, बिनधास्त करा!” मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. “तुमचा एक मोदक जागचा हलणार नाही.”

आणि फोन ठेवला. समोरच्यांकडे बघून म्हटलं, “बघा, गिऱ्हाइकाला किती निर्धास्त ठेवता येतं.” चष्मेवाली मुलगी काहीतरी बोलायला गेली. मी पुढची स्लाइड लावली.

तासाभराने गाळा धुऊन झाला. मेन चालू झाला. तिन्ही यंत्रं आपोआप उठली, आपोआप प्रोग्राम सुरू केला, एकमेकांना हाका मारल्या, गट करून बसली. कुठेही चूक नाही, तक्रार नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: सदस्य तीन, ऑर्डरी शून्य. वीज गेली की मेमरी कोरी होते; तिन्ही बिऱ्हाडं एकदमच गावाला गेली होती आणि किल्ल्या बरोबर घेऊन गेली होती.

मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा गाळ्यात गुळाचा वास सुटलेला, सारण परतायला घेतलेलं, आणि वहिनी पडद्यासमोर स्टुलावर बसलेल्या. मला बघून घाईने उठल्या.

“भाऊजी, आलात? बरं झालं. हे दिसत नाहीये काही. असेल ना कुठेतरी?”

मी कीबोर्डवर बराच वेळ काहीतरी खडखड केलं. त्यातलं निम्मं निव्वळ देखावा होता. मला फळीकडे बघताक्षणी कळलेलं होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ, इमारतीचे चेअरमन, आपली एक्कावन्न मोदकांची ऑर्डर नक्की आहे ना ते विचारायला डोकावले. पडदा बघून म्हणाले, “काय हो, हे शून्य काय?”

त्या क्षणी मला तीन-चार उत्तरं देता आली असती. मी म्हणालो, “काय सांगू काका. वहिनींनी मेन स्विच बंद केला.”

म्हणालो ते खोटंही नव्हतं. त्यामुळेच ते इतकं सहज तोंडातून गेलं.

चेअरमन वहिनींकडे वळले. “अहो, असं कसं केलंत? एवढी महागाची मशिनं लावलीत तुमच्या दिरांनी!”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. शाळेत असताना माझ्या हातून काचेची बरणी फुटली होती तेव्हा बघितलं होतं, तसं. म्हणजे आधी मला लागलं तर नाही ना, असं. मग म्हणाल्या, “हो ना. माझंच चुकलं.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. आणि एकदा नाही बोललो, की मग प्रत्येक मिनिटाला ते अधिक अवघड होत गेलं.

ठरलं असं, की आसपासच्या सोसायट्यांच्या सगळ्या ग्रुपांवर निरोप टाकायचा. मी मजकूर लिहिला: ‘काही तांत्रिक कारणांमुळे आपली ऑर्डर पुन्हा नोंदवावी.’ तांत्रिक कारण! या दोन शब्दांच्या मागे माझ्या व्यवसायातली किती माणसं लपून बसली आहेत, याची गणती नाही. वहिनींनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “लोकांना वाटेल मशीन वाईट. तुमचं नाव जाईल.” त्यांनी ते खोडून स्वतः टाइप केलं, ‘माझ्या चुकीमुळे’. मी बघत होतो. त्यांना ‘चु’चा उकार सापडेना तर मी तो दाखवला. म्हणजे आरोपी गुन्ह्यात शुद्धलेखनही तपासत होता.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. वहिनींचा निर्जळी उपवास. मी रजा घेऊन गाळ्यात आलो होतो, पश्चात्तापाची भरपाई अंगमेहनतीने करायला. सकाळपासून त्या फोन लावत होत्या. ग्रुपवर उत्तर आलेल्यांचं मी लिहून घेत होतो, न आलेल्यांना त्या फोन करत होत्या. आधीच्या वर्षांचे नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये होते, तेवढाच आधार. घशात पाण्याचा थेंब नाही आणि प्रत्येकाला तेच वाक्य: “मोदकवाल्या काकू बोलतेय. अहो, माझी चूक झाली, तुमची ऑर्डर पुसली गेली...” पलीकडची बहुतेक माणसं चांगली होती. काही नव्हती. एका बाईंनी मोबाइलबाहेरही ऐकू येईल असं सुनावलं, “जमत नाही तर कशाला घेता एवढ्या ऑर्डरी? वय झालं आता तुमचं!” वहिनी म्हणाल्या, “हो, खरंय. एकवीसच ना तुमचे? साडेअकराला?”

दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला. मी खोबरं खोवत होतो. मी माणूस बोलका. दाढी करतानाही गप्पा मारतो. त्या दिवशी मी पंचवीस नारळ खोवले आणि एक शब्द बोललो नाही. मावशी पाऱ्यांची पिठी चाळत होत्या. मध्येच म्हणाल्या, “साहेब, तब्येत बरी नाय का? तोंड चालत नाय तुमचं.”

“दमलोय जरा.”

“हां. फोन लावून लावून दमलात.”

मेनचं विचारायला वहिनींनी मला फोन केला तेव्हा मावशी त्यांच्या शेजारीच होत्या. मी पुढचा नारळ घेतला.

चतुर्थीला मात्र वहिनींनी कमाल केली. पहाटेपासून मोदकपात्रांची वाफ, केळीची पानं, प्रत्येक डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. एकेक घर येत गेलं, नेत गेलं. सव्वाअकराला शेवटचा डबा गेला आणि वहिनींनी स्टुलावर बसून दोन मिनिटं डोळे मिटले. तेवढ्यात दारात एक जोडपं उभं राहिलं. नवीन राहायला आलेलं, कुठल्याच ग्रुपवर नाही. लिंकवरून ऑर्डर टाकलेली. घरचा पहिलाच गणपती, एकवीस मोदक, बाराचा नैवेद्य. त्यांच्या नावाची चिठ्ठी नव्हती, कारण त्यांचं नाव फक्त त्या तीन यंत्रांना माहीत होतं.

गाळ्यात एकवीसच मोदक उरले होते, कल्याणला नेण्यासाठी. आमच्या घराण्याचा गणपती तिथे चुलतभावाकडे बसतो, त्याच्या नैवेद्याचे. वहिनींनी तोच डबा उचलून त्यांच्या हातात दिला. “हे घ्या. गरम आहेत, झाकण जरा किलकिलं ठेवा.” ते जोडपं आनंदाने गेलं. वहिनींनी मागे वळून पुन्हा पाणी उकळायला ठेवलं.

त्यामुळे आम्ही कल्याणला पोहोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. वहिनी, दादा, मी, आणि डबा धरलेल्या मावशी. त्या तशाच पुढे टिटवाळ्याला घरी जाणार होत्या. तीस-पस्तीस माणसं नैवेद्यासाठी खोळंबलेली, पोरं भुकेने कावलेली. डब्यात अकरा मोदक, त्यातले तीन फुटलेले. चुलतभावाच्या बायकोने झाकण उघडून बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, “अख्ख्या डोंबिवलीला वेळेवर मोदक घालता हो वहिनी. घरचा गणपती तेवढा थांबतो, नाही का?”

वहिनींना बोलायला आवाजही नव्हता. त्या पदराने कपाळ टिपत राहिल्या.

नात्यात अशी शांतता पसरली की ती मोडायचं काम माझ्याकडे असतं. हा माझा हुद्दाच आहे. आणि मी, देवा, सवयीने उभा राहिलो. “अहो, ऐका तर काय झालं!” म्हणून सुरू केलं. तीन यंत्रं हाका मारताना कशी दिसतात ते करून दाखवलं. बादल्या दाखवल्या, वहिनींचा पदर खोचून मेन स्विचकडे निघालेला आवेश दाखवला. खटकन् तो ओढला. मग पडद्यावरचं शून्य, हाताचा गोल करून. सगळं घर हसत सुटलं. चुलतभावाची बायको डोळे पुसायला लागली. पोरं ओरडली, “काकू, स्विच! काकू, स्विच!” आणि मला, सांगायला लाज वाटते, पण त्या हशाने बरं वाटलं.

मग वहिनी दिसल्या. त्या सगळ्यांबरोबर हसत होत्या. हसताना त्यांच्या घशातून आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

मी थांबलो. म्हटलं, “ऐका. त्यांनी मला फोन केला होता. मेन बंद करू का म्हणून विचारलं होतं. मी म्हणालो, करा.”

हशा वाढला.

“खरंच सांगतोय. मी नीट ऐकलंसुद्धा नाही. तीन मशिनं एका बोर्डावर मी लावली. वही मी काढून घेतली. माहिती डिस्कवर ठेवायला चार ओळी लिहायच्या होत्या, त्या मी शायनिंग मारायला लिहिल्या नाहीत. आणि चेअरमनसमोर यांचं नाव सांगितलं. या दोन दिवस माझ्यासाठी माफी मागत होत्या.”

“वा!” चुलतभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाला. “काय चेहरा केलाय बघा! अरे, रडायचा पण करून दाखव!”

“अरे, मी नाटक करत नाहीये!”

यावर तर पोरं जमिनीवर लोळायला लागली. तीस वर्षं मी या लोकांना गंभीर चेहऱ्याने थापा मारून हसवलं होतं. गंभीर चेहरा दिसला की त्यांनी हसायचं, हे मीच त्यांना शिकवलेलं. मी हात जोडले, तर टाळ्या पडल्या. दोन्ही कान धरले, तर कोणीतरी “वन्स मोअर” ओरडलं. वहिनी मानेने मला, जाऊ द्या, जाऊ द्या, असं खुणावत होत्या.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात रिकामा डबा घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी तो डबा खाडकन् फरशीवर ठेवला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “ओ, हसताय काय सगळे! हा माणूस आज पहिल्यांदा खरं बोलतोय!”